गेलता का?

किसनभाऊ शेळके वारल्याचं मला माझ्या जुन्या ऑफिसच्या वेबसाइटवरून कळलं. तिथं त्यांच्यावर श्रद्धांजलीचा लेख होता. 'सदैव हसतमुख', 'निसर्गाचे वेडे', 'नव्या तंत्रज्ञानाची ओढ असलेले, मनाने तरुण' असे किसनभाऊ म्हणे मावळच्या कुशीत वाढले आणि पर्यटकांच्या गळ्यातले ताईत झाले. शेजारी फोटो होता. फेटा बांधलेला, पुढचे दात पडलेला, मोकळेपणानं हसणारा कुणीतरी म्हातारा. किसनभाऊंनी माझ्या पाहण्यात कधी फेटा बांधला नाही. त्यांचे दात साठीनंतरही शाबूत होते. आणि दोन वर्षं समोरासमोर बसून मी त्यांना दोनदा हसताना पाहिलं. दोन्ही वेळा ते मला हसले होते.

लेख कुणी लिहिला हे विचारायची गरज नव्हती. तिथल्या मालकांनी, निनाद सरांनी, मजकूर लिहून देणाऱ्या यंत्राला सांगितलं असणार, अमुक नावाचे गृहस्थ वारले, चारशे शब्द दे, जरा भावुक कर. चहा निवायच्या आत लेख हजर झाला असणार. टाकवे बुद्रुकला भाऊंच्या घरी कुणी गेलं नसणार, त्यांच्या मंडळींना कुणी फोन केला नसणार. चुकून तरी एखादं वाक्य खरं निघेल म्हणून मी लेख शेवटपर्यंत वाचला. खाली 'हेही वाचा' म्हणून पाठीच्या मसाजच्या खुर्च्यांची यादी होती. ती यादी माझी होती.

मला राग आला आणि मी हे लिहायला बसले. रागातला थोडा भाग त्या लेखावर आहे. उरलेला कुणावर आहे ते पुढे येईलच.

लोणावळ्यात चिक्कीच्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली दिवसभर गुळाचा पाक चालायचा आणि वर आम्ही पाच जणी मजकूर पाडायचो. 'पाडायचो' हाच शब्द त्याला शोभतो. निनाद सरांच्या डझनभर वेबसाइटी होत्या. एक कुत्र्यांच्या खाण्याची, एक पाणी शुद्ध करायच्या यंत्रांची, एक हनिमूनची, एक खुर्च्यांची. मी तळेगावहून लोकलनं वर यायची, एम.ए. झालेली होते आणि त्याचा मला अभिमानही होता. जन्मात कधी मसाजच्या खुर्चीत न बसता मी 'आईवडिलांसाठी सर्वोत्तम दहा खुर्च्या' लिहिल्या होत्या. पद्धत सोपी होती. तीन वेबसाइटी उघडायच्या, ढवळायच्या, चौथी लिहायची. दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी गावात कुणीतरी आमच्यासकट चार उघडायचं आणि पाचवी लिहायचं. या सगळ्या साखळीत खुर्चीत कुणीच बसलेलं नसायचं. आम्ही याला रिसर्च म्हणायचो, आणि म्हणताना आम्हाला हसू यायचं नाही.

किसनभाऊ तिथं नोकरी मागायला आले नव्हते. भांडायला आले होते. खाकी पॅन्ट, पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल आणि वायरमनकडं असतो तसला टेस्टर. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांचा जन्म गेला होता. अख्खं आंदर मावळ त्यांनी खांबाखांबानं पायाखाली घातलं होतं. निवृत्त होऊन पाचसहा वर्षं झाली तरी टेस्टर खिशात होता. हातात एका कागदावर छापून आणलेलं आमच्या हनिमूनवाल्या साइटचं पान होतं.

"हे कुनी लिवलं?"

मी लिहिलं होतं. 'टाकव्याजवळचं गुपित तळं, फक्त जोडप्यांसाठी' असं त्याचं शीर्षक होतं. 

"तळं कुटं हाय?" भाऊ म्हणाले. "आमच्या खाचरात? चार दिस झालं, गाड्या घिऊन येत्यात आनि भाताच्या बांदावरनं फिरत्यात. बांद फुटला. पानी समदं वाहून गेलं. तुमी गेलता का तितं?"

"नाही," मी म्हटलं. "पण तीन वेबसाइटींवर तसंच आहे."

"मंग त्ये गेलते का?"

मी पडद्यावर ती तीन पानं शोधायला लागले. तेव्हा ते पहिल्यांदा हसले. कारखान्यात खाली ऐकू जाईल असं हसले.

निनाद सर केबिनमधून बाहेर आले. सरांना वास फार लवकर लागायचा. पान काढून टाकायचं कबूल करता करता त्यांनी भाऊंना चहा पाजला, गावं विचारली, वाटा विचारल्या आणि अर्ध्या तासात त्यांच्या डोक्यात नवीन वेबसाइट तयार झाली. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन मावळात येणाऱ्यांसाठी. अशी साइट कुणाची नव्हती. "भाऊ, तुम्ही आमचे लोकल एक्स्पर्ट," सर म्हणाले. भाऊंनी चहाचा कप खाली ठेवला. "तक्रार लिवली की ती बंद झाल्याबिगर लाइनमन घरी जात न्हाई," ते म्हणाले. "हितं तर समद्याच लाइनी बंद पडल्याल्या दिसत्यात. येतो उद्या."

दुसऱ्या दिवशी नऊला ते माझ्यासमोर येऊन बसले. त्यांना टाइप करता येत नव्हतं. ते वहीतून सांगायचे आणि मी ते शुद्ध करून लिहायची. 'शुद्ध करून' असं मला वाटायचं. पहिल्याच पानाची सुरुवात मी 'सह्याद्रीच्या कुशीत वसलेलं निसर्गरम्य' अशी केली होती. भाऊंनी माझ्या खांद्यावरून वाचलं.

"निसर्गरम्य म्हंजी किती पायऱ्या?"

आणि दुसऱ्यांदा हसले. त्यानंतर दोन वर्षांत मी तो शब्द लिहिला नाही. आजही तो शब्द कुठं दिसला की मला पायऱ्या मोजाव्याशा वाटतात.

भाऊंचं लिहिणं म्हणजे काय, ते सांगते. सहलीच्या एका ठिकाणाबद्दल त्यांचा मजकूर असा होता : 'गाडी फाटकापर्यंत जाते. पुढं चढ. मध्ये बसायला दगड आहे, सावली सकाळी दहापर्यंत. संडास आहे, कडी नाही. आपला माणूस बाहेर उभा करावा. चहावाली मावशी मंगळवारी नसते.' झालं. यात एकही विशेषण नाही. सर म्हणाले, हे फार कोरडं आहे, कुणी वाचणार नाही. पंधरवड्यात लोकांचे फोन सुरू झाले. म्हातारी माणसं स्वतः फोन करायची. कडी बसवली का, असं विचारायची.

कार्ल्याच्या लेण्यांच्या पायऱ्या भाऊंनी तीनदा मोजल्या. तिन्ही वेळा आकडा वेगळा आला, कारण कुठं अर्धवट झिजलेला दगड पायरी धरायचा की नाही हे दर वेळी वेगळं पडायचं. बाकीच्या सगळ्या वेबसाइटींवर एकच ठाम आकडा होता आणि तो सगळ्यांनी एकमेकांकडून घेतला होता. भाऊंनी तिन्ही आकडे लिहायला लावले. खाली लिहिलं, 'नक्की सांगता येत नाही. थांबत थांबत जावं.' सर चिडले. एक्स्पर्ट माणसाला नक्की सांगता येत नाही असं लिहिणारी वेबसाइट त्यांनी पाहिली नव्हती. मीही पाहिली नव्हती.

प्रत्येक पानाच्या तळाशी एक ओळ जायची : 'स्वतः जाऊन पाहिलं – किसन शेळके, टाकवे बुद्रुक.' भाऊंची मागणी एवढी एकच होती. बाकी बाबतीत ते आम्हाला किंमत देत नसत. पाचही जणींना ते 'मॅडम' म्हणायचे आणि त्या 'मॅडम'मध्ये इतका कडूपणा असायचा की त्यापेक्षा नावानं हाक मारली असती तर बरं. कुणी काही सांगायला गेलं, अमुक हॉटेल चांगलं आहे, तमुक रस्ता झाला, की ते वहीतून मान वर न करता विचारायचे, "गेलता का?" नाही म्हटलं की पुढचं ऐकत नसत. एकदा सर स्वित्झर्लंडबद्दल बोलत होते, तर तिथंही विचारलं. सर गेले नव्हते.

पण खरी गंमत पुढे होती. पान लिहून झालं की ते झालं, असं भाऊ मानायचे नाहीत. खात्यात असताना लाइन दुरुस्त केली की एक्स्चेंजला सांगून उलटा फोन मागवायचा आणि घंटी वाजली की मग खांबावरची शिडी काढायची, ही त्यांची पद्धत. "आपुन जोडली म्हंजी जुडली न्हाई. समोरनं रिंग आली पायजे," असं ते म्हणायचे. तेच त्यांनी मजकुराला लावलं. रविवारी मळवली स्टेशनाबाहेर उभं राहायचं. म्हातारं माणूस घेऊन कुणी उतरलं की नव्या पानाची छापील प्रत हातात द्यायची आणि काही न सांगता तीस पावलं अंतर ठेवून मागून चालायचं. हात पाठीला, नजर भिंतीवर. माणूस कुठं थबकतो, कुठं उलटा फिरतो, कुठं आजींना बसावंसं वाटतं आणि बसायला काही नसतं, ते वहीत टिपायचं. रस्ता चुकला तरी सांगायचं नाही. "मी सांगितलं तर लाइन माझ्या तोंडानं चालली, कागदानं न्हाई," असं त्यांचं म्हणणं. 

एकदा त्यांनी सरांनाच कागद दिला. तो भाऊंचा नव्हता, सरांनी स्वतः मोठ्या हौसेनं लिहिलेला होता, 'मळवली ते कार्ले, एक आल्हाददायक पदभ्रमण'. सर नवे बूट घालून आले होते. 'वाटेत डावीकडे वळा' असं सरांनी लिहिलं होतं आणि डावीकडं वाटा तीन होत्या. सर पहिल्या वाटेनं एका बंगल्याच्या फाटकात गेले आणि राखणदाराच्या शिव्या खाऊन परतले. दुसऱ्या वाटेनं म्हशींच्या गोठ्यात गेले. तिथून एकदा मागं वळून त्यांनी भाऊंकडं पाहिलं. भाऊ भिंतीकडं पाहत होते. सर बूट धुवत बसले तेव्हा मी जवळ होते आणि इतका आनंद मला त्या नोकरीत पुन्हा झाला नाही.

अशाच एका रविवारी दामले बाई त्यांना सापडल्या. तळेगावच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. यजमानांचे हात थरथरायचे, पाऊल उचलायला वेळ लागायचा. तो आजार जडल्यापासून चार वर्षं दोघं घराबाहेर पडलेले नव्हते. कुणाकडं जायचं तर जिना किती, मोरी कशी, हे विचारायची लाज वाटायची, म्हणून जाणंच सोडलेलं. भाचीनं भाऊंचं पान दाखवलं आणि बाई त्याच भरवशावर लोकलनं निघाल्या. कागद हातात, दुसऱ्या हातात काका. आणि मागून तीस पावलांवर एक खाकी पॅन्टवाला. बाई एका वळणावर थांबल्या आणि सरळ त्याच्या अंगावर गेल्या.

"का हो, केव्हापासून मागे लागलात? पर्स हवीय का?"

"न्हाई बाई," भाऊ म्हणाले. "त्यो कागद माझा हाय. तुमी दगडापाशी का थांबला न्हाईत?"

"कुठला दगड?"

दगड कुणीतरी हलवला होता. भाऊंनी तिथंच वहीत खाडाखोड केली, काकांना एका ओसरीवर बसवलं आणि पाणी आणून दिलं. त्यानंतर दामले मंडळी दर महिन्याला एकदा बाहेर पडायची. भाऊंचं नवीन पान आलं की बाई ते छापून घ्यायच्या, पायऱ्यांच्या खाली लाल रेघ मारायच्या आणि जायच्या. परतल्यावर ऑफिसला फोन करून सांगायच्या, अमुक ठिकाणी खुर्ची मागितली, मिळाली. त्या दोघांना त्या महिन्याच्या एका दिवसाशिवाय दुसरं काही उरलं नव्हतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं, हे मी मुद्दाम लिहिते आहे.

आता ते सांगायला हवं.

मळवलीच्या बाजूला एक लॉज होतं. नाव घेत नाही. 'ज्येष्ठांसाठी घरच्यासारखं' अशी त्याची पाटी. भाऊ तिथं एक दिवस एक रात्र राहिले, प्रत्येक नळ उघडून पाहिला, गादीवर झोपून उठून पाहिलं, आणि वहीतून मला पान सांगितलं. त्यातली एक ओळ अशी होती : 'न्हाणीघर एक पायरी खाली आहे. पायरी आणि फरशी एकाच रंगाची, कळत नाही. धरायला काही नाही. हात धरणारं माणूस सोबत असेल तरच आत जावं.' मी लिहिलं. भाऊ दुसऱ्या ठिकाणी निघून गेले.

दुपारी निनाद सरांनी बोलावलं. लॉजवाले साइटवर जाहिरात देणार होते. "ती न्हाणीची ओळ जरा निगेटिव्ह वाटते," सर म्हणाले. "पॉझिटिव्ह करून टाक." मी ओळ काढली. तिथं लिहिलं, 'स्वच्छ आणि प्रशस्त न्हाणीघर.' ते स्वच्छ होतं आणि प्रशस्तही होतं, भाऊंच्या वहीतच तसं होतं, त्यामुळे मी खोटं लिहिलं नाही अशी मी माझी समजूत घातली. मग डबा खाल्ला. खाली तळाशी 'स्वतः जाऊन पाहिलं – किसन शेळके' ही ओळ तशीच राहिली. लॉजच्या पानामागं चालत जायचं नसे, म्हणून त्याची छापील प्रत भाऊ घेत नसत, आणि त्यांचा फोन बटणांचा होता, ते वेबसाइट पाहत नसत. माझ्यावर सोडून मोकळे व्हायचे. या एका गोष्टीत मात्र ते मला किंमत देत होते, हे मला फार उशिरा कळलं.

तीन आठवड्यांनी दामले बाईंचा फोन आला. मी उचलला. भाऊ समोर बसलेले.

"भाऊ आहेत का गं? हे पडले. खुब्याचं हाड मोडलंय." बाईंचा आवाज शाळेतल्यासारखा स्पष्ट होता. "न्हाणीत पायरी होती. भाऊंनी लिहिली नव्हती. असं कधी झालं नाही, म्हणून विचारते, भाऊंना तेव्हा बरं नव्हतं का?"

मी फोन भाऊंच्या हातात दिला. त्यांनी ऐकलं, "येतो" म्हणाले आणि ठेवला. मग वही काढली, पानं उलटली, ती ओळ काढून बोट ठेवलं. दुसऱ्या हातानं माझ्या पडद्याकडं बोट केलं.

"ही वळ हितं कुटं हाय?"

"काढली," मी म्हटलं.

"कुनी?"

मी केबिनकडं पाहिलं. ते माझ्याकडंच पाहत राहिले. "मी," म्हटलं. "सरांनी सांगितलं होतं."

"सर म्हनले म्हून खांबावर चढून चालू तार कापाल का?"

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. तसेच उठून केबिनमध्ये गेले आणि दार उघडंच ठेवलं. त्यांची मागणी साधी होती. त्या पानाच्या वर, सगळ्यांच्या आधी दिसेल असं लिहायचं : इथं एक ओळ होती, ती काढली, म्हणून एक माणूस पडला, ती ओळ ही. सर हसले. त्यांनी समजावलं की काकांच्या तब्येतीची चौकशी करू, फुलं पाठवू, ओळही परत घालू, पण काढली होती असं कशाला सांगायचं. "असं लिहिलं तर बाकीच्या पानांवर तरी कोण विश्वास ठेवेल, भाऊ?"

"ठिवू नये," भाऊ म्हणाले.

त्यांनी त्याच दिवशी काम सोडलं. सगळ्या पानांवरचं नाव काढा म्हणून सांगितलं. सर हो म्हणाले आणि काढलं नाही, कारण ते नाव चालत होतं. त्या नावाखाली पुढं भाऊंनी बापजन्मात न पाहिलेल्या ठिकाणांची पानं जायला लागली. त्यातली पहिली चार मी लिहिली. भाऊ गेले आणि मी आठ महिने तिथंच राहिले, हेही लिहायला हवं. घर चालवायचं होतं वगैरे मी सांगू शकते. सांगत नाही.

मग मी ती नोकरी सोडली आणि कामशेतला एका शाळेत लागले. एका रविवारी कार्ल्याला मैत्रिणीकडं जायचं म्हणून मळवलीला उतरले. स्टेशनाबाहेर भाऊ उभे होते. तीच खाकी पॅन्ट, पण अंग सुकलेलं. हातात झेरॉक्सची चळत. वर त्यांच्या हस्ताक्षरात मोठ्या अक्षरांत लिहिलेलं : 'वेबसाइटवर या लॉजच्या पानात माझ्या नावाखाली एक ओळ कमी होती. ओळ अशी.' खाली ती न्हाणीघराची ओळ, आणि खाली सही. वेबसाइटवर ओळ केव्हाच परत घातली होती. पण जी म्हातारी माणसं कागद छापून घरात ठेवतात त्यांच्याकडं जुनाच कागद असणार, एवढा विचार आमच्या ऑफिसात कुणी केला नव्हता. भाऊ प्रत्येक रविवारी टाकव्याहून येत होते आणि म्हातारं माणूस सोबत असेल त्यालाच थांबवत होते. काही घेत, काही भिकारी समजून पुढं जात. एका गृहस्थानं माझ्यादेखत कागद घेतला आणि चार पावलांवर टाकला. भाऊंनी तो उचलला, झटकला आणि पुन्हा चळतीत खाली घातला.

त्यांनी मला पाहिलं. ओळख दाखवली नाही, लपवलीही नाही.

"गेलता का?"

"लॉजवर? नाही."

"लॉज कशाला? बाईंकडं."

मी गेले नव्हते. फुलं ऑफिसनं पाठवली होती, त्यावर आम्हा सगळ्यांची नावं होती.

"मी सांगितलं न्हाई त्यान्ला कुनी काढली," भाऊ म्हणाले. "हापिसानं काढली म्हनलो. आता हापिसाला काय तोंड असतंय व्हय?" मग एक झेरॉक्स उलटी केली, गुडघ्यावर धरली आणि पेन्सिलीनं लिहायला लागले. लिहून झाल्यावर कागद माझ्या हातात दिला आणि पुढच्या गाडीच्या माणसांकडं वळले.

मी उलट्या लोकलनं तळेगावला गेले. कागदावर होतं : 'स्टेशनवरून पुलाकडं नाही, दुसऱ्या बाजूनं उतरावं. पिठाच्या गिरणीपर्यंत सरळ. गिरणीला लागून गल्ली. पिवळं फाटक. बेल बंद आहे, दार वाजवावं. बाईंना यायला वेळ लागतो. निघून जाऊ नये, थांबावं.' 

गिरणीपर्यंत सगळं बरोबर आलं. गल्लीत पिवळं फाटक नव्हतं. दोन हिरवी होती, एक निळं होतं. मी थबकले, आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. फाटक सापडलं नाही म्हणून परत जाता आलं असतं. मी मागं वळले. तीस पावलांवर भाऊ उभे होते. हात पाठीला, नजर गिरणीच्या भिंतीवर.

मी त्यांच्याकडं पाहत राहिले. त्यांनी पाहिलं नाही. शेवटी मीच फाटकांवरची नावं वाचत गेले. निळ्या फाटकावर दामले होतं, आणि निळ्या रंगाचा पापुद्रा जिथं उडाला होता तिथं खाली पिवळा दिसत होता. पुन्हा मागं पाहिलं तेव्हा भाऊ वहीत काहीतरी खोडत होते.

मी दार वाजवलं. आतून काठीचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. खूप वेळ लागला. मी थांबले.

बाईंनी दार उघडलं. त्यांच्या मागं काका खुर्चीत बसलेले होते, पुढ्यात चालायची चौकट. मी उंबऱ्याबाहेरूनच सांगून टाकलं, मी कोण, आणि ती ओळ मी काढली होती. बाईंनी आधी काकांकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं.

"चप्पल तिथंच काढ," त्या म्हणाल्या. "आणि आत येताना बघून ये. इथं पायरी आहे."

पाय खाली ठेवण्याआधी मी एकदा वळून पाहिलं. भाऊंनी वही खिशात घातली होती, टेस्टरच्या शेजारी. गिरणीवरून स्टेशनाच्या बाजूला ते चालले होते, त्यांच्या नेहमीच्या चालीनं, कुठंही न थबकता. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच, शेवटचं.